कुणासाठी रोझमेरी

चर्चची घंटा वाजायला लागली तेव्हा विन्का अंगणातल्या पायरीवर बसून डोळ्यावरची पट्टी चाचपत होती. एक, दोन, मग थांबा. पुन्हा एक, दोन, थांबा. पुरुष गेला तर तीन टोल, बाई गेली तर दोन. विन्काने छातीवर क्रूस काढला आणि मोठ्याने म्हणाली, "सुटली बिचारी येर्का!"

येर्का म्हातारी चौऱ्याण्णव वर्षांची. नाताळापासून अंथरुणाला खिळलेली. पाद्रीबाबा तिला तीनदा मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावून आले होते आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तिने उठून माशाचं सूप मागितलं होतं. चौथ्यांदा काही तिला जमलेलं दिसत नाही, असं विन्काच्या मनात आलं. शेजारणीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसेल, असंही आलं.

ती उठली आणि खिडकीतली कात्री घेऊन रोझमेरीकडे गेली. आता कोणी ना कोणी येणारच होतं. शवपेटीच्या उशाशी पवित्र पाण्याचं भांडं ठेवतात, त्यात रोझमेरीची जाड फांदी लागते. येणारा प्रत्येक जण त्या फांदीने मयतावर पाणी शिंपडतो. शिवाय मयताच्या हातात एक जुडी आणि खड्ड्यात टाकायला माणशी एक काडी. लग्न असलं की हीच रोझमेरी वऱ्हाडाच्या कोटांवर टाचायची. गावात इतरांकडेही झुडपं होती, नाही असं नाही. पण विन्काच्या झुडपाची सर कुणाला नव्हती. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून ते तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं आणि मार्च उजाडल्यामुळे निळ्या फुलांनी भरलं होतं. मधमाश्यांचा नुसता गजर चालला होता.

"पाणी कमी, ऊन भरपूर आणि लाड अजिबात नाहीत," असं ती सगळ्यांना सांगायची. "मुली आणि रोझमेरी अशाच वाढवाव्यात." तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे निम्म्या सल्ल्याकडे लोक कानाडोळा करत. पण झुडपाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. कात्री ती दुसऱ्याच्या हातात देत नसे. काडी कापायची ती हिरव्या, कोवळ्या भागातच. खालच्या करड्या लाकडाला हात लावायचा नाही, कारण जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही. एकदा पाद्रीबाबांनी घाईघाईत फांदी मोडून घेतली होती. विन्काने त्यांना भर चौकात असं झापलं की पुढच्या रविवारचं प्रवचन रागावर झालं.

कालच संध्याकाळच्या बोटीने ती स्प्लिट शहरातून बेटावर परतली होती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रडायचं नाही. "मला काय धाड भरलीय रडायला?" असं ती त्यांना म्हणाली होती. बंदरावर उतरल्यावर ओळखीचे दोघेतिघे दिसले, पण मान हलवून घाईने निघून गेले. पट्टीमुळे आपण ओळखूच आलो नसू, असं तिला वाटलं.

फाटक वाजलं. रेनाता आली होती. ही शेजारच्या दोमिनाची सून, आत मुख्य भूमीवरच्या सपाट मुलखातली, लग्न होऊन जेमतेम पाच महिने झालेली. गावातल्या बाया अजून तिच्यासमोर हळू बोलत.

"काकू, सासूबाईंनी थोडी रोझमेरी..."

"माहीत आहे, माहीत आहे. घंटा ऐकली मी. डोळा बांधलाय, कान नाही बांधलेले. ये अशी, टोपली धर. एक जाड फांदी, एक जुडी आणि बाकी सुट्या काड्या. किती माणसं येतील? शंभर धरू?"

"मला काय कल्पना, काकू?"

"शंभर धरू. सगळ्या गावाला तिने एकदा तरी चिमटा काढलेला आहे. मला शाळेत असताना एवढा करकचून काढला होता, हा बघ, या दंडावर. मी पहिलीत, ती शाळा झाडायला यायची."

रेनाता हसली नाही. ती गोंधळून विन्काकडे बघत राहिली. "शाळा झाडायला? पण त्या तर तुमच्याहून लहान वाटायच्या. मी एकदाच बघितलं त्यांना, बेकरीत. तेव्हा डोक्याला रुमाल बांधला होता."

"येर्का आणि बेकरीत? पोरी, ती तीन वर्षांत घराबाहेर पडलेली नाही."

"येर्का आजी नाही, काकू. त्या बंदराजवळच्या. पाहुण्यांना खोल्या देतात ना, त्या. पेरिना काकू."

कात्री चालत राहिली. विन्काला ती चालताना दिसत होती, आपल्याच हातात, पण ती थांबवायची कशी ते आठवत नव्हतं. एक फांदी पडली. दुसरी पडली. अंगठ्याएवढ्या जाड करड्या लाकडात पातं रुतलं, तेव्हा तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि तेही तोडलं. कडाड असा आवाज झाला. मधमाश्या एकदम उठल्या.

"काकू, एवढी नको," रेनाता म्हणाली. "काकू, पुरे!"

"कोण पेरिना?"

"खोल्यांवाल्या... मला आडनाव नाही माहीत. पहाटे गेल्या. सासूबाई तिकडूनच येताहेत, मला म्हणाल्या तू टोपली घेऊन दारात उभी राहा, मी आल्याशिवाय आत जाऊ नको. पण मी म्हटलं कशाला उगाच वेळ..." रेनाताचा आवाज बारीक होत गेला. विन्काच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं ते रेनातालाच ठाऊक, पण तिने टोपली खाली ठेवली. "तुमच्या कोणी होत्या का?"

विन्काने तोंड उघडलं. बहीण हा शब्द तिने अकरा वर्षांत उच्चारला नव्हता. तो जिभेवर आलाच नाही.

तेवढ्यात दोमिना धापा टाकत फाटकातून आत शिरली. सुनेचा चेहरा, जमिनीवरच्या फांद्या, झुडपाला पडलेलं भगदाड, सगळं तिने एका नजरेत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"तुला दारात उभं राहायला सांगितलं होतं ना गं!"

"तिला कशाला बोलतेस?" विन्का म्हणाली. आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "निदान तिने सांगितलं तरी. कधी गेली?"

"पाचला. झोपेतच."

"काय झालं होतं?"

दोमिनाने अंगावरचा काळा एप्रन हातात चुरगाळला. "पोटात गाठ होती. नोव्हेंबरात कळलं."

"नोव्हेंबरात!" विन्काने बोटं मोजल्यासारखी हलवली. "म्हणजे चार महिने. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि कुणाला?"

"सगळ्यांना, विन्का. सगळ्या गावाला."

"आणि एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही? रोज इथे येता, माझी कॉफी ढोसता, त्या येर्काच्या सुपाच्या गोष्टी सांगता, आणि माझी बहीण खाली मरतेय हे सांगायला तुमची जीभ झडली होती?"

"जीभ कुणी बांधली होती?" दोमिनाही आता पेटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी आवाज चढला होता. "याच अंगणात उभी राहून तू म्हणाली नव्हतीस, की जी कोणी तिचं नाव घेईल तिने या फाटकातून पुन्हा पाऊल टाकायचं नाही? त्या बिचाऱ्या कातेने एकदा घेतलं. दोन वर्षं तू तिच्याशी बोलली नाहीस. तिच्या लेकीच्या लग्नाला रोझमेरी दिली नाहीस तू! मग कोण सांगणार होतं? मी? मला तू हवी होतीस, विन्का. मी भ्याले. झालं?"

विन्का पायरीवर बसली. हे सगळं खरं होतं. कातेच्या लेकीच्या लग्नाचंही.

रेनाता तशीच उभी होती. कोणीतरी आपल्याला घरी जा म्हणावं, याची वाट बघत.

भांडणाची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती. आईच्या मागे बंदरावरचं घर पेरिनाला मिळालं आणि चढावरचं हे घर विन्काला. त्यावरून कधी कुरबूर झाली नाही. पण खालच्या घराच्या अंगणात आईची रोझमेरी होती. आईने स्वतःच्या लग्नात छातीवर लावलेली काडी मातीत खोचली होती, ती लागली होती. तिच्यातूनच विन्काचं झुडूप आलं. एका उन्हाळ्याच्या तोंडावर विन्का आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेसाठी काड्या न्यायला गेली, तर अंगणात सिमेंट ओतलेलं. पाहुण्यांना बसायला चौथरा हवा होता. झुडूप मुळासकट कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलं होतं. तिथे, कामगारांच्या देखत, विन्का धाकट्या बहिणीला म्हणाली होती, "आजपासून तू मला मेलीस."

आता ते वाक्य तिच्या कानात घंटेसारखं वाजत होतं. एक, दोन, थांबा.

"चपला कुठे आहेत माझ्या?" ती म्हणाली.

"पायात आहेत," दोमिना म्हणाली.

खाली बंदरापर्यंत एकशे ऐंशी पायऱ्या. दोमिना तिचा हात धरायला आली, तो तिने झटकला. मग दहाव्या पायरीवर एका डोळ्याने अंदाज चुकला, तोल गेला, आणि तिनेच दोमिनाचा दंड घट्ट पकडला. दोघी तशाच खाली उतरल्या. मागून रेनाता टोपली घेऊन. बेकरीसमोरच्या बायांनी वाट दिली. माशांच्या गाड्यावरच्या माणसाने टोपी काढली. काल हीच माणसं घाईघाईने का पांगली, ते आता विन्काला कळलं. चर्चच्या फळ्यावर काळ्या चौकटीचा कागद लागला होता. तिला अक्षरं दिसली नाहीत, फोटो तेवढा दिसला. पेरिना हसत होती. केस पांढरे झाले होते. हे केस पांढरे झालेले विन्काने पाहिलेच नव्हते. एवढ्याशा गावात अकरा वर्षं तिने कोपऱ्यावरून मान वळवली होती, प्रार्थनेची वेळ बदलली होती, बोट बदलली होती. त्याला केवढे कष्ट पडले होते, हे तिला आत्ताच कळत होतं.

बंदरावरच्या घराच्या दारात नेव्हेन्का उभी होती, पेरिनाची मुलगी. ही स्प्लिटमध्ये शाळेत शिकवते. तिने मावशीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं.

"आलीस," ती म्हणाली. त्यात ये असंही नव्हतं, जा असंही नव्हतं.

"आले."

"वर आहे आई."

विन्काची तयारी होती ती पेरिनाला बघायची. भरल्या अंगाची, रुंद खांद्यांची, दोन मोठे दगड काखेत घेऊन चढ चढणारी. पलंगावर जे होतं ते पाहून ती दारातच थांबली आणि क्षणभर तिला खरोखर वाटलं की हे चुकीचं घर आहे. चादरीखाली बारा वर्षांच्या पोरीएवढं अंग होतं. डोक्यावर केस नव्हते, नुसती लव. मनगटं तिच्या कात्रीच्या मुठीएवढी. फक्त कान तेच होते, डावा उजव्याहून जरा वर. लहानपणी विन्काच तिच्या वेण्या घालायची आणि तो कान लपवायची.

भांड्यात पाणी होतं, फांदी नव्हती. रेनाताने टोपली पुढे केली. त्यात जी सगळ्यांत जाड होती तीच विन्काच्या हाताला लागली, वेडीवाकडी तोडलेली, टोकाला करडं लाकूड. तिने ती पाण्यात बुडवली आणि शिंपडली. पहिल्यांदा पाणी पेरिनाऐवजी भिंतीवरच्या चित्रावर उडालं. दुसऱ्यांदा नीट पडलं. ओल्या रोझमेरीचा वास खोलीभर झाला.

"पाणी दे गं," ती म्हणाली. "प्यायचं."

नेव्हेन्काने तिला स्वयंपाकघरात नेलं. विन्का ग्लास तोंडाला लावणार तोच तिची नजर चुलीवरच्या खिळ्याकडे गेली. खिळ्याला रोझमेरीच्या जुड्या उलट्या टांगल्या होत्या, पाच-सहा. जुन्या वाळून तपकिरी झालेल्या, एक अजून हिरवी. सगळ्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेल्या. तो दोरा विन्काच्या नवऱ्याच्या मासेमारीच्या जाळ्याचा होता. नवरा गेल्यावर जाळं तिने उसवून ठेवलं होतं आणि प्रत्येक जुडी ती त्याच दोऱ्याने बांधायची, कोळ्याच्या गाठीने. गावात तशी गाठ दुसरी बाई मारत नव्हती.

तिने मागे वळून दोमिनाकडे बघितलं.

"दर शुक्रवारी मासे भाजायला लागते म्हणून नेतेस ना तू?"

"आम्हांला दोन काड्या पुरतात," दोमिना खाली बघत म्हणाली. "तू ओंजळभर द्यायचीस."

"किती वर्षं?"

"पहिल्या वर्षापासून."

विन्काने ग्लास ओट्यावर ठेवला. पाणी सांडलं. "आणि तिला? तिला ठाऊक होतं कुठून येते?"

"म्हणजे काय!" नेव्हेन्का म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "दुसऱ्या कुणाची घ्यायचीच नाही ती. कातेमावशीने एकदा दिली, तर म्हणाली, हिला पाणी जास्त झालंय, वासच नाही. तुझी जुडी सोडताना दर वेळी शिव्या घालायची. म्हणायची, 'विन्काचा हात अजून घट्ट आहे. मेली गाठ सुटत नाही.' शेवटी खाणं बंद झालं, तेव्हा नुसती काडी तळहातावर चोळून वास घेत पडायची."

"मग मला बोलावलं का नाहीस?" विन्का जवळजवळ ओरडलीच. "तुला तरी मी नाव घेऊ नको म्हटलं नव्हतं!"

 नेव्हेन्काने खुर्ची ओढली. "बस आधी. मी बोलावणार होते. मंगळवारी तिनेच तुझा विषय काढला. मी फोन हातात घेतला, तर दोमिनाकाकू म्हणाली की तू ऑपरेशनला गेलीस. आईने फोन खाली ठेवायला लावला. म्हणाली, 'ती रडेल. नाही नाही म्हणत रडेल आणि डोळा घालवून बसेल. सोमवारी पट्टी निघते ना? सोमवारी बोलव.'"

त्या दिवशी शनिवार होता.

विन्का खुर्चीवर बसली होती. पुढे बराच वेळ काय झालं ते तिला नंतरही कधी नीट आठवलं नाही. दोमिना सांगते की ती रडली नाही. ओट्यावर सांडलेलं पाणी बोटाने एका बाजूला नेत राहिली, पुन्हा दुसऱ्या बाजूला. मग उठली आणि विचारलं, "कपडे कोण घालणार आहे तिला?" काते आणि दोमिना घालणार होत्या. "मी घालणार," विन्का म्हणाली. कोणी नाही म्हटलं नाही. वाकू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, असं दोमिनाने दबक्या आवाजात सुचवून बघितलं, पण तोवर विन्काने बाह्या सरसावल्या होत्या. कातेने पाणी गरम करून आणून दिलं. विन्काने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाली, "तुझ्या लेकीच्या लग्नाचं... मी चुकले." काते म्हणाली, "जाऊ दे गं, आता पाणी निवतंय."

रविवारी दफन झालं. शवपेटीमागे पहिल्या रांगेत नेव्हेन्का आणि तिच्या दंडाला धरून विन्का चालली. काड्या शंभर नव्हे, दोनशे लागल्या. डोळा सुजला तो सुजलाच. स्प्लिटच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेस तिला लहान मुलासारखं रागे भरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विन्का उलट न बोलता ऐकून आली.

घर आवरायला नेव्हेन्का इस्टरपर्यंत राहिली. निघायच्या दिवशी दुपारी ती चढ चढून वर आली. शेवटची आली होती तेव्हा ती शिकत होती. विन्काने कॉफी केली, रोझमेरी घातलेल्या ब्रँडीचे दोन छोटे पेले भरले. नेव्हेन्काला स्प्लिटच्या बाल्कनीसाठी काड्या हव्या होत्या, त्या विन्काने निवडून कापल्या. फूल नसलेल्या, वीतभर लांब. खालची पानं ओरबाडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. "वाळू जास्त, माती कमी. आणि पाण्याचा डबा हातात घेतलास की आधी बोट मातीत घालून बघ. सहा देतेय, दोन लागल्या तरी नशीब."

"मावशी," नेव्हेन्का म्हणाली, "एक विचारू? आईने मला कधी धड सांगितलं नाही. नक्की झालं काय होतं तुमच्यात?"

विन्काने खुर्ची ओढून घेतली, पेला बाजूला सरकवला. अकरा वर्षं ती मनातल्या मनात हे सांगत आली होती, कधी भांडी घासताना, कधी प्रार्थनेत गुडघ्यावर असताना. ती सांगू लागली. आईची रोझमेरी, सिमेंट, चौथरा, कचऱ्याचा डबा. आपण काय बोललो ते. मग ती पुढचं आठवायला थांबली आणि तिच्या लक्षात आलं की पुढे काही नाही. कॉफीतून अजून वाफ येत होती.

"एवढंच?" नेव्हेन्काने विचारलं. टोमणा नव्हता. तिला वाटलं होतं, अजून काही असेल.

 "एवढंच," विन्का म्हणाली.

"आई म्हणायची, ते झुडूप आधीच निम्मं वाळलं होतं."

विन्काने मान डोलावली. "वाळलं होतं. तीन वर्षं एका बाजूला फूल नव्हतं आलं. मला दिसत होतं ते."

तिने हात पुढे करून कॉफीचा कप उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. नेव्हेन्काने फडक्याची गुंडाळी मांडीवर घेतली आणि बोट सुटायची वेळ होत आली तरी ती उठली नाही.